मोडी लिपीचे पहिले वाचन

(शिक्षण विस्तार अधिकारी, पंचायत समिती, परतूर)



सन २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि ठिकठिकाणची जुनी दप्तरे तपासण्यास आरंभ झाला. त्या वेळी एक गोष्ट सर्वांच्याच ध्यानी आली. कागद आहेत, पण ते वाचणारे फार थोडे उरले आहेत. काही नोंदी उर्दूत, काही मोडीत. जी भाषा आपण रोज बोलतो तीच भाषा आपल्याच आजोबांच्या हातची असूनही आपणांस परकी झालेली आहे. तेव्हापासून शाळेत येणाऱ्या पालकांपैकी एखादा तरी पिशवीतून पिवळा पडलेला कागद काढतो आणि म्हणतो, “गुरुजी, एवढं वाचून सांगा.” गावात शिकलेला मनुष्य म्हणजे शिक्षक, ही समजूत अद्याप टिकून आहे, हे आपले भाग्य होय. तिला आपण पात्र व्हावे, एवढ्याचसाठी हा पाठ.

प्रस्तुत लेखक मोडीचा पंडित नव्हे. अध्यापक विद्यालयात असताना आमच्या अभ्यासक्रमात मोडी नव्हती. आजोबांच्या सहीखेरीज मोडी अक्षर मी पाहिलेले नव्हते. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, एका आडत दुकानात जन्मभर मुनिमी केलेल्या आणि आता नव्वदीच्या घरात असलेल्या परतूरच्या एका वृद्ध गृहस्थांपाशी बसून मी ती शिकू लागलो. तेव्हा हा एका नवशिक्याने नवशिक्यांसाठी लिहिलेला पाठ आहे, असे समजावे.

लिपीचा इतिहास थोडक्यात सांगतो. आपण ज्या अक्षरांत लिहितो त्यांस पूर्वी बाळबोध म्हणत. बालकासही बोध व्हावा अशी ती लिपी. पोथ्या बाळबोधीत लिहिल्या जात. पत्रे, जमाखर्च, सनदा, कर्जखते मोडीत लिहिली जात. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत याने ती प्रचारात आणली अशी परंपरा आहे. त्याने ती लंकेहून आणली ही कथा मात्र कथा म्हणूनच ठेवावी, कारण मोडी अक्षरे ही नागरी अक्षरांचीच धावती रूपे आहेत हे थोडा सराव होताच कोणासही दिसते. मराठ्यांचा सारा कारभार या लिपीत चालला. पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि दूर तंजावरच्या सरस्वती महालात आजही मोडीची रुमाले बांधून ठेवलेली आहेत. विल्यम कॅरी यांचा मराठी कोश १८१० साली बंगालमधील श्रीरामपूर येथे मोडी टंकांनी छापला गेला. परंतु पुढे छापखान्याने बाळबोधीचाच पक्ष घेतला आणि मोडी हाताच्या लेखनापुरती उरली. तरीही मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शिकविली जात असे. आपला भाग त्या काळी निजामाच्या राज्यात. तेथे सरकारी भाषा १८८४ पासून उर्दू. म्हणून वरिष्ठ कचेरीचा कागद उर्दूत आणि गावातील सावकाराची वही, खत, खाजगी पत्र मोडीत, अशी दोन्ही लेखने एकाच गाठोड्यात सापडतात. उर्दू कागदासाठी तालुक्यातील उर्दू माध्यमाच्या शाळांतील आपल्या सहकाऱ्यांचे साहाय्य घ्यावे. येथे मोडीचाच विचार करू.

नवशिक्याची पहिली समजूत अशी असते की, अक्षरांचा तक्ता पाठ झाला की मोडी आली. मीही तक्ता भिंतीवर लावला आणि आठ दिवसांत पाठ केला. नवव्या दिवशी मुनीमकाकांनी एक जुनी हुंडी पुढे ठेवली, तेव्हा मला तीतील एक शब्दही लागला नाही. असे का व्हावे?

मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरे टांगीत जातो. आपण बाळबोध लिहिताना याच्या उलट करतो. शब्द पुरा झाल्यावर त्यावर शिरोरेषा देतो. हा भेद लहान दिसतो, पण सारी अडचण त्यात आहे. शिरोरेषा तुटते तेथे शब्द संपतो, हे आपल्या डोळ्यांस इतके अंगवळणी पडले आहे की आपण ते पाहतो याचीही आपणांस जाणीव नसते. मोडीत रेघ तुटतच नाही. शब्दांत अंतर नाही, पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. ‘दोनशेरजवारी’ असे सलग लिहिलेले असले तर ते दोन शेर की दोनशे, हे अक्षरांवरून ठरत नाही. पुढचा मजकूर पाहूनच ठरवावे लागते. ऋणकोच्या दृष्टीने हा फरक केवढा, हे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट ऱ्हस्वदीर्घाची. मोडीत वेलांटी सर्वत्र दीर्घ आणि उकार सर्वत्र ऱ्हस्व, असा सामान्य प्रघात आहे. आपल्या गावाचे नाव ‘परतुर’ असे दिसेल, वाटूर ‘वाटुर’ असे. ते अशुद्ध म्हणून आपण तांबड्या शाईने दुरुस्त करू लागलो तर आपलीच फजिती होईल. व्यापाऱ्याच्या वहीत ‘सुत’ आले तर तो पुत्र नव्हे, सूत होय. मुलांच्या शुद्धलेखनाच्या वह्या तपासून हात बसलेल्या आपल्या वर्गास हे पचविणे थोडे जड जाते.

तिसरी गोष्ट बाराखडीची. काही मोडी अक्षरे काना-मात्रा लागताच आपले रूप पालटतात. ‘र’ तर निरनिराळ्या सोबतीत निरनिराळा वेष घेतो. बोरू न उचलता पुढे जावयाचे असल्यामुळे मागच्या अक्षराचे शेपूट पुढच्यात जाते. म्हणून सुटे ‘क’, ‘ख’, ‘ग’ घोकण्यापेक्षा प्रत्येक अक्षराची बाराखडी हाताने लिहून काढावी. मुनीमकाका म्हणत, “डोळ्यानं शिकाल तर विसराल, हातानं शिकाल तर राहील.” मी एकेक बाराखडी रोज दोन पाने, याप्रमाणे दीड महिना लिहिली. आधी रेघ ओढावयाची, मग अक्षरे. पंधरा दिवसांनंतर हुंडीतील काही शब्द आपोआप सुटे होऊ लागले, ही माझ्या आयुष्यातील आनंदाची एक घटना होय.

येथे थोडे दूर जाऊन एक तुलना करतो, कारण तिचा आपल्या वर्गाशी संबंध आहे. मल्याळम शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाची कल्पना करा. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे: क, ख, ग, घ, ङ. ‘ळ’देखील आहे. परंतु अक्षरे वाटोळी, माथ्यावर रेघ नाही, आणि ‘ए’ची खूण व्यंजनाच्या आधी, डाव्या हातास लिहिली जाते, जरी तिचा उच्चार नंतर होतो. ‘ओ’ची खूण तर व्यंजनाच्या दोन्ही बाजूंस वाटलेली असते. जोडाक्षरांचा पसारा फार झाल्यामुळे केरळ शासनाने १९७१ साली टंकलेखनाच्या सोयीसाठी लिपी सुटसुटीत केली. असे असले तरी चिकाटीचा मनुष्य काही आठवड्यांत दुकानावरील पाटी मोठ्याने वाचू लागेल. पण त्यास कळणार काय? काहीच नाही. त्यास अक्षर साधले, अर्थ साधला नाही. मोडी शिकणाऱ्याचे याच्या उलट आहे. त्याची भाषा पक्की आहे, अक्षर अडते. म्हणून तो अर्थाचा आधार घेऊन अक्षराकडे जातो. आता आपल्या तांड्यावरील पहिलीच्या मुलास या दोघांच्या शेजारी बसवा. घरी तो गोरमाटी बोलतो. शाळेत त्यास बाळबोध अक्षरे नवी आणि ज्या मराठीत ती लिहिली आहेत तीही बहुतांशी नवी. त्यास मोडी शिकणाऱ्याप्रमाणे अर्थाचा आधार नाही, आणि मल्याळम शिकणाऱ्याप्रमाणे वर्णमालेची पूर्वओळखही नाही. ‘इतके दिवस झाले, अजून अक्षर येत नाही’ असा शेरा त्याच्या नावापुढे लिहिण्यापूर्वी आपण कोणती तरी अपरिचित लिपी महिनाभर शिकून पाहावी, असे मला मनापासून वाटते. माझ्या स्वतःच्या जुन्या तपासणी अहवालांत असे शेरे पुष्कळ आहेत.

असो. मोडीच्या अभ्यासाकडे वळू. आरंभ कशाने करावा? माझ्या मते अंकांनी. मोडी अंक बाळबोध अंकांच्या जवळचे असल्यामुळे धीर येतो. रकमेपुढील उभ्या रेघा ओळखाव्या: एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, ‘१॥’ म्हणजे दीड. यानंतर सनाकडे पाहावे. शक असेल तर अठ्ठ्याहत्तर मिळवावे. आपल्या भागात फसली सन फार आढळतो. त्यात पाचशे नव्वद मिळविले असता ज्या इसवी सनात ते वर्ष सुरू झाले तो सन मिळतो. निजामी राज्याच्या अखेरच्या काळात हे वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. उदाहरणार्थ, फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ पासूनचे वर्ष. १७ सप्टेंबर १९४८ चा मुक्तिदिन त्याच वर्षात पडतो. सन कळला की कागदातील माणूस कोणाचा आजा आणि कोणाचा पणजा हे ताडून पाहता येते.

मग ठराविक शब्द. जुन्या कागदाचा साचा ठरलेला असतो आणि नवशिक्याचा तो मोठा आधार होय. ‘मौजे’ म्हणजे गाव, ‘कसबे’ म्हणजे पेठेचे मोठे गाव, ‘किता’ म्हणजे वरीलप्रमाणे किंवा पुढील बाब. खतात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असतात. शेवटी साक्षीदार असतात. आणि ज्यास लिहिता येत नसे त्याच्या नावाशी ‘निशाणी नांगर’ अशी नोंद करून लहानसा नांगर काढलेला असतो. हा नांगर प्रथम पाहिला तेव्हा मी बराच वेळ त्यास एखादे जोडाक्षर समजत होतो. ‘बिन’ या शब्दाने तर प्रत्येक नवशिका फसतो. आजच्या मराठीत ‘बिन’ म्हणजे वाचून, शिवाय. कागदात ‘रामजी बिन सखाराम’ म्हणजे सखारामाचा मुलगा रामजी. हा शब्द नावांच्या मधोमध येत असल्यामुळे, तो एकदा ओळखता आला की सलग ओळीत नाव कोठे संपते हेही कळते.

या टप्प्यावर नवशिक्याची गती एकदम वाढते, आणि धोकाही येथेच आहे. माझ्याच हातून घडलेली चूक सांगतो.

शेजारच्या एका गावचे शेतकरी एक कर्जखत घेऊन आले. ते त्यांच्या भावकीतील पेटीत निघाले होते. लिहून देणाराच्या नावापुढे ‘कुणबी’ असा शब्द स्वच्छ होता. नाव ‘मारुती बिन’ इथपर्यंत स्पष्ट. पुढील नावाचे पहिले अक्षर वाळवीने खाल्लेले, आणि त्यानंतर ‘डु’. शेतकऱ्यांनी आधीच सांगितले होते की त्यांचे आजोबा मारुती आणि पणजोबा खंडू. मी भिंग लावले आणि वाचले, “मारुती बिन खंडू.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मुलीच्या प्रवेशाची मुदत जवळ आली होती. त्यांनी माझ्या पाया पडावयास वाकावे आणि मी त्यांस धरावे, असा तो प्रसंग झाला.

संध्याकाळी कागदाची छायाप्रत मी मुनीमकाकांस दाखविली; खरे म्हणजे शाबासकीसाठी. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला आणि विचारले, “साहेब, इथं तर कागदच नाही. तुम्ही कशावरून वाचलं?” मी म्हटले, “काका, पुढं ‘डु’ आहे. खंडू असणार.” त्यांनी नखाने छिद्राची कड दाखविली. “मग हा काना कुणाचा? खंडूला काना लागतो का?”

काना होता. छिद्राच्या उजव्या कडेला, स्पष्ट. धोंडू असेल, कोंडू असेल, आणखी काही असेल, खंडू नव्हता. अनुस्वार तर जुन्या लेखनात कित्येकदा गाळलेलाच असतो, त्यावरून काही ठरत नाही. मी भिंग लावून पाहिले होते, आणि काना माझ्या दृष्टीस पडला नव्हता, कारण मला तेथे खंडू हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या गावी गेलो आणि झालेली चूक सांगितली. ते शेतकरी ओट्यावर बसले होते. “बरं गुरुजी,” एवढेच ते म्हणाले. त्यांनी मला चहा दिला. तो घेणे मला कठीण गेले. कागदाची रीतसर तपासणी झालीच असती आणि चूक तेथे उघड झाली असती. परंतु तोपर्यंत त्यांचे दिवस, भाड्याचे पैसे आणि मुलीची आशा खर्ची पडली असती. पुढे त्यांस मी दुसऱ्या कागदांच्या शोधास लागण्यास सांगितले. पैकी काही मिळाले, त्यांचा निर्णय सक्षम अधिकाऱ्यांकडे आहे.

त्याच आठवड्यात एका शाळेत इयत्ता दुसरीच्या वर्गात बसलो होतो. पुस्तकात विहिरीचे चित्र होते आणि खाली शब्द होता, ‘आड’. मुलाने खणखणीत आवाजात वाचले, “विहीर.” वर्गशिक्षक “शाब्बास” म्हणाले आणि पुढे गेले. एरवी माझ्याही हे ध्यानी आले नसते. त्या दिवशी मी उठून चित्रावर हात ठेवला आणि मुलास पुन्हा वाचावयास सांगितले. तो माझ्या तोंडाकडे पाहू लागला. अक्षराकडे त्याने पाहिलेच नाही. आपल्याला काय हवे आहे ते तो माझ्या चेहऱ्यावर शोधीत होता. खताच्या छिद्रात मी हेच केले होते.

अर्थाच्या आधारे अंदाज बांधणे वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. त्यावाचून मोडी वाचता येणारच नाही; ‘दोनशेर’चा उलगडा अंदाजानेच होतो. मात्र अंदाज बांधल्यावर तो अक्षराशी पडताळून पाहिला पाहिजे, आणि न जुळला तर सोडून दिला पाहिजे. मूल अडखळत ‘आ… ड’ असे वाचते तेव्हा ते ‘विहीर’ म्हणणाऱ्या मुलापेक्षा पुढे असते. आपली शाबासकी मात्र बहुधा दुसऱ्यास मिळते. चित्र झाकून वाचविणे, ओळीतील शब्दांचा क्रम बदलून वाचविणे, ‘हे तू कशावरून म्हणालास?’ असे बरोबर उत्तरासही विचारणे, हे उपाय मी त्यानंतर शाळाभेटींत करून पाहतो. बरोबर उत्तरास प्रश्न विचारला की मुले प्रथम गोंधळतात. आठवडाभरात त्यांस सवय होते आणि ती बोटाने अक्षर दाखवू लागतात.

जुना कागद वाचतानाही आपण अशीच शिस्त ठेवावी. वहीत प्रथम मोडीतील ओळ अक्षरशः बाळबोधीत उतरावी; शब्द तोडू नयेत, ऱ्हस्वदीर्घ सुधारू नये. तिच्याखाली दुसऱ्या ओळीत शब्द सुटे करून लिहावे. जेथे अक्षर नाही तेथे तितकी टिंबे द्यावी. जेथे केवळ आपला तर्क आहे तेथे तो चौकटी कंसात घालावा. त्या खतावर मी असे केले असते तर माझ्या वहीत ‘मारुती बिन .ा.डु’ एवढेच राहिले असते, आणि ‘खंडू’ कंसात घालतानाच काना हाताला अडला असता. कागद घेऊन येणाऱ्याने आपल्या पूर्वजांची नावे आधी सांगू नयेत, अशी विनंती मी आता करतो. वाचन झाल्यावर ती ऐकावी. आणि आपण वाचलेले हे केवळ साहाय्य आहे, प्रमाणपत्र नव्हे, हे प्रत्येकास स्पष्ट सांगावे. शाळेच्या नोंदवहीतील मूळ नोंदीवर पेनाने बाळबोध अक्षरे लिहून ठेवण्याचा मोह कोणी करू नये.

ज्यांस नीट शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे अल्पमुदतीचे वर्ग भरतात. संगणकाच्या युनिकोड संहितेत मोडीचा समावेश जून २०१४ मध्ये झाला असल्याने भ्रमणध्वनीवरही मोडी अक्षरे पाहता येतात. तक्त्यापुरती ती उपयोगी आहेत. मात्र तेथील नीटस अक्षर आणि घाईत खत लिहिणाऱ्या कुलकर्ण्याचे अक्षर यांत पहिलीच्या पुस्तकातील आणि डॉक्टरच्या चिठ्ठीतील अक्षरांइतके अंतर आहे. गावात मोडी जाणणारे कोणी वृद्ध असतील तर त्यांच्याकडे आधी जावे. अशी माणसे फार थोडी उरली आहेत, आणि त्यांना कोणी विचारावयास येत नाही याचे त्यांस वाईट वाटते. मुनीमकाकांनी माझ्याकडून फीबद्दल दर खेपेस एक बोरू तासून घेतला, तो तासणे मला अद्याप साधलेले नाही.

पुढील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत चहानंतरचा एक तास या कामासाठी ठेवला आहे. प्रत्येक शाळेने आपल्या गावातील एका मोडी कागदाची प्रत आणावी. दोघादोघांनी बसून तो वरील पद्धतीने उतरवावा, आणि मग वह्या बदलून एकमेकांच्या कंसांतील तर्क तपासावे. रेघी वही व पेन्सिल सोबत असावी. मूळ कागद आणू नयेत, त्यांस चिकटपट्टी लावू नये, बोटास थुंकी लावून घड्या उलगडू नयेत; भ्रमणध्वनीवर उजेडात काढलेले छायाचित्र छापून आणले तरी चालेल.